प्रोजेक्टरवर सगळ्यांना कावीळ झालीय, सेटिंग कुठून सुरू करू?

दिवाणखाना_७०एमएम | शनिवार, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं नुसता वाचनमात्र होतो, आज अडलोय म्हणून धागा काढतोय.

गेल्या महिन्यात ओळखीतून एक सेकंडहँड प्रोजेक्टर घेतला. थ्रीएलसीडी, फुल एचडी, खोक्यावर उजेडाचं माप ३००० लुमेन, दिवा ९०० तास चाललेला. आम्ही सांगलीत असतो, हॉलची एक भिंत मोकळी केली, शोकेस बेडरूममध्ये गेलं आणि त्यावरून घरात जे झालं ते इथे लिहीत नाही. भिंतीवर साधारण १०० इंची चित्र पडतं, मोठं तर झक्कास दिसतं, पण सिनेमा लावला की हिरो, हिरॉइन, व्हिलन सगळ्यांना कावीळ. पिवळट हिरवे चेहरे. मॅच लावली तर मैदानावरचं गवत रेडियमसारखं. आणि रात्रीचा सीन आला की नुसता अंधार, माणसाचे दात तेवढे दिसतात. म्हणून ब्राइटनेस वाढवला तर अंधाराच्या जागी राखाडी धुकं आलं, सिनेमा माथेरानला गेला. लॅपटॉपवरून एचडीएमआयने जोडलाय. दोन संध्याकाळी मेनूत बसून कॉन्ट्रास्ट, कलर, टिंट (रंगाची छटा), गॅमा (मधल्या छटा किती गडद ते) सगळं फिरवून झालं, आता मूळ काय होतं तेही आठवत नाही. आई म्हणते जुना टीव्ही बरा होता. तिला उत्तर द्यायचंय.

---

इंटरव्हल_समोसा | रात्री ११:५२

सगळ्यांना कावीळ म्हणजे आधी त्यांचं पाणी तपासा.
(बाकी मला यातलं काही कळत नाही, पण धागा वाचणार. आमच्याकडेही घ्यायचं चाललंय.)

---

निऑन | रविवार, सकाळी ८:१५

आधी रिसेट मारा. सगळं फिरवून झालंय म्हणताय तर आता कुठल्या चुकीवर कुठली चूक बसलीय ते देवालाही कळणार नाही. रिसेट मारला की पिक्चर मोड कुठला आहे ते बघा आणि इथे सांगा. पैज लावतो, डायनॅमिक असणार.

डायनॅमिक मोड हा दुकानात विकायसाठी असतो, बघायसाठी नाही. का ते सांगतो. तुमच्या प्रोजेक्टरात जो दिवा आहे तो हाय प्रेशर मर्क्युरीचा, त्याच्या उजेडात हिरवा भरपूर आणि लाल कमी. आपल्या डोळ्यालाही हिरवाच जास्त उजळ वाटतो. मग खोक्यावर लुमेनचा आकडा मोठा छापायचा तर कंपनी काय करते, हिरव्याला लगामच घालत नाही, सुटू दे म्हणते. पांढरं खरं पांढरं करायचं तर हिरवा कापावा लागतो आणि कापला की लुमेन गेले. म्हणजे तुमचे ते ३००० लुमेन आणि तुमची ती कावीळ, एकाच घरातली.

सिनेमा किंवा नॅचरल नावाचा मोड असेल तो लावा. कलर टेंपरेचर (पांढरा किती पिवळट-निळसर ते) ६५०० च्या जवळ. शार्पनेस खाली आणा, सबटायटलच्या अक्षराभोवती पांढरी कड दिसायची बंद होईपर्यंत. बाकी कशाला हात लावू नका. लॅपटॉपवर नाइट लाइट नावाची भानगड चालू असेल तर ती बंद, निम्म्या लोकांचा पिवळेपणा तिथेच निघतो.

---

दिवाणखाना_७०एमएम | सकाळी १०:३०

पैज जिंकलात. डायनॅमिकच होता. आणि नाइट लाइटपण चालू होता, लाज वाटली.

सिनेमा मोड लावला. चेहरे माणसांत आले, पण उजेड असा खाली गेला की मला वाटलं दिवा गेला. हे असंच असतं का? मग ३००० लुमेनचे पैसे कशाचे दिले मी?

---

एडिसनकर | सकाळी १०:५८

असंच असतं. आणि तुम्ही सकाळी साडेदहाला खिडकी असलेल्या हॉलमध्ये बघताय, तो प्रोजेक्टरचा दोष नाही.

थोडा हिशेब करून दाखवतो, सवय आहे. १०० इंची १६:९ चित्र म्हणजे रुंदी २.२१ मीटर, उंची सुमारे १.२५, क्षेत्रफळ पावणेतीन चौरस मीटर. डिजिटल सिनेमाच्या थिएटरात पडद्यावर पांढऱ्याची उजळी किती असावी याचं ठरलेलं मान ४८ निट्स. एवढं तुमच्या भिंतीवर पाडायला साधारण ४२० लुमेन पुरतात, भिंत नीट पांढरी आणि खोली पूर्ण अंधारी असेल तर. सिनेमा मोडमध्ये तुमचा अर्धा उजेड गेला असं धरलं, दिवा ९०० तास जुना म्हणून अजून थोडा सोडला, तरी थिएटरच्या दुप्पट तुमच्याकडे आहे. कमी पडतंय ते उजेड नाही, काळोख आहे. प्रोजेक्टर काळा रंग टाकू शकत नाही हो, काळा म्हणजे तुमची भिंतच, ती जितकी काळोखात तितकी काळी.

रात्री दिवे घालवून दहा मिनिटं बसा, डोळे सरावू द्या, मग बोला. इको मोडही लावून बघा, पंख्याची घरघर कमी होईल.

---

तंबूवाला | दुपारी १:२०

एडिसनकर, हिशेब आवडला. मी साताऱ्याकडचा, वडील टुरिंग टॉकीजमध्ये ऑपरेटर होते, आम्ही पोरं तंबूच्या मागं वाढलो. जत्रेला तंबू लागायचा. त्यावेळी मशीनमध्ये कार्बनच्या कांड्या असायच्या, दोन कांड्यांच्या मधी ठिणगी, तोच उजेड. कांडी जळत जायची तशी पुढं सरकवायला लागायची, अंतर चुकलं की पडदा पिवळा पडायचा नाहीतर अंधारायचा आणि पब्लिक शिट्ट्या मारायचं. वडील पडद्याकडं बघत एका हातानं कांडी सरकवायचे, दुसऱ्या हातात चहा. आता तुम्ही लोक मेनूत जाऊन जे करताय ते आमचे दादा चहा पिता पिता करायचे. सांगायचा मुद्दा, पडदा बघून मशीन लावायचं, मशीन बघून पडदा नाही.

तर दिवाणखानासाहेब, तुमचा पडदा कुठंय? भिंत म्हणताय. भिंतीचा रंग कुठला? एक काम करा, रात्री नुसता पांढरा फोटो लावा पूर्ण स्क्रीनभर आणि झेरॉक्सचा कोरा ए-फोर कागद त्या उजेडात भिंतीवर चिकटवा. मग बघा कागद पांढरा दिसतोय का भिंत.

---

झेडपीच्या_बाई | दुपारी ४:०५

मध्येच विचारते, रागावू नका. आमच्या शाळेत एक जुना प्रोजेक्टर आहे, गेल्या आठवड्यापासून सगळं गुलाबी-जांभळं दिसतंय. झाडाचा धडा चालू होता, पान काही केल्या हिरवं दिसेना, पोरं म्हणतात बाई हे कुठलं झाड. रंगाचं सगळं सेटिंग फिरवलं, फरक नाही. लॅपटॉपला निळ्या टोकाच्या वायरने जोडतो, ती स्क्रूवाली.

---

निऑन | दुपारी ४:२२

बाई, सेटिंगला हात लावू नका, वायर काढा. ती व्हीजीए. तिच्या टोकात १५ पिना असतात, त्यातली १ नंबरची लाल, २ नंबरची हिरवी, ३ नंबरची निळी. हिरवा यायचा बंद झाला की लाल आणि निळा उरतात, म्हणजे गुलाबी-जांभळं. निळा गेला असता तर सगळं पिवळं, लाल गेला असता तर आकाशी. टोक उजेडात धरून बघा, वरच्या ओळीतली एखादी पिन वाकलेली किंवा आत गेलेली असेल. बॉलपेनची संपलेली रिफिल घ्या, निब काढा, ती नळी पिनवर बसते, हळू सरळ करा. एकच रंग असा अख्खा गायब म्हणजे दहातले नऊ वेळा वायरच.

(एचडीएमआयवर कुणाला चेहरे हिरवे आणि बाकी गुलाबी असं भुताटकीचं दिसलं तर ते वेगळं, तिथं लॅपटॉप एका पद्धतीनं रंग पाठवतोय आणि प्रोजेक्टर दुसरीच समजतोय. मेनूत कलर स्पेस ऑटोवर टाकायचं.)

---

दिवाणखाना_७०एमएम | रात्री १०:१५

तंबूवाले दादा, साष्टांग.

कागद लावला. भिंतीवर पांढरा उजेड, मधे ए-फोर, आणि त्या कागदाशेजारी आमची भिंत चक्क मस्का दिसते. अमूल नाही, घरचं लोणी. पेंटरने ऑफ व्हाइट सांगून काय फासलंय कोण जाणे, सात वर्षं आम्ही तिला पांढरी समजत होतो. बायकोला बोलावून दाखवलं, ती म्हणाली मी तेव्हाच म्हणाले होते. (नव्हती म्हणाली.)

आता काय, निळा वाढवू का मेनूतून?

---

निऑन | रात्री १०:३१

वाढवू नका. निळा आधीच पूर्ण दाबात आहे, त्याच्या वर ढकलला की ढगातले, पांढऱ्या शर्टातले बारकावे पुसले जातात. उलटं करायचं, आरजीबी गेनमध्ये जाऊन लाल आणि हिरवा एक-एक पायरीने उतरवायचा, भिंत कागदासारखी दिसेपर्यंत. थोडा उजेड जाईल. कागद स्वतः किंचित निळसर असतो, त्याच्यात पांढरेपणासाठी उजळवणारं रसायन घातलेलं असतं, म्हणून अगदी त्याच्या पायावर डोकं ठेवू नका, एक पायरी आधी थांबा. तुमच्या मेनूत वॉल कलर असा पर्याय असेल, व्हाइटबोर्ड, ब्लॅकबोर्ड वगैरे, ते शाळा-ऑफिससाठी असतं, कामचलाऊ.

खरं औषध म्हणाल तर तेवढा चौकोन साध्या पांढऱ्या मॅट इमल्शनने रंगवा. एक लिटरात दोन हात होतात. चकाकीवाला रंग नको, नाहीतर मधोमध दिव्याचा डाग दिसेल.

आणि मस्का भिंतीपेक्षा मला तुमच्या त्या दातांची काळजी आहे. रात्रीच्या सीनचं काय झालं?

---

दिवाणखाना_७०एमएम | रात्री १०:४०

दात तसेच आहेत. सिनेमा मोडमध्येपण. काळ्या कोटातला माणूस काळ्या दारासमोर उभा राहिला की तो दारातच विरघळतो. गंमत म्हणजे भाच्याने त्याची फायर स्टिक लावली तर तोच सीन व्यवस्थित दिसला, कोटाची बटणंसुद्धा.

---

निऑन | रात्री ११:०५

हे आधी सांगायचं ना राव! स्टिकवर दिसतंय आणि लॅपटॉपवर नाही म्हणजे रेंजची मारामारी आहे.

नीट वाचा, थोडं किचकट आहे. सिनेमा-टीव्हीच्या दुनियेत काळा म्हणजे १६ आणि पांढरा म्हणजे २३५. कॉम्प्युटरच्या दुनियेत काळा म्हणजे ० आणि पांढरा २५५. तुमचा लॅपटॉप ० ते २५५ पाठवतोय, प्रोजेक्टर समजतोय टीव्हीसारखं १६ ते २३५ येतंय, म्हणून १६ च्या खालचं सगळं तो काळं ठोक करून टाकतो. कोट, दार, बटणं सगळी त्या १६ च्या खाली गाडली गेली. वरच्या बाजूला तेच, २३५ च्या पुढचं सगळं सपाट पांढरं. स्टिक टीव्हीच्या भाषेत बोलते म्हणून तिचं जमलं. याच्या उलट झालं असतं, म्हणजे पाठवणारा १६-२३५ आणि घेणारा ०-२५५, तर काळं राखाडी दिसलं असतं, सगळं धुरकट.

प्रोजेक्टरच्या मेनूत सिग्नलच्या पानात एचडीएमआय व्हिडिओ रेंज असं काहीतरी असेल, नॉर्मल आणि एक्स्पांडेड. लॅपटॉपसाठी एक्स्पांडेड. किंवा लॅपटॉपच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये फुलच्या जागी लिमिटेड. दोन्हीपैकी एकच बदला, दोन्ही बदलाल तर ते उलटं होईल, काळं राखाडी आणि सगळं धुरकट.

हे झाल्यावर मगच ब्राइटनेस. आणि ब्राइटनेस हे नाव ज्याने ठेवलं त्याला शोधतोय मी. त्या बटणाने उजेड वाढत नाही, काळं किती काळं ते ठरतं. पांढरं किती पांढरं ते ठरतं कॉन्ट्रास्टने. सीन अंधारा वाटला म्हणून लोक ब्राइटनेस वाढवतात आणि तुमच्यासारखे माथेरानला जातात. एव्हीएस एचडी ७०९ म्हणून चाचणीच्या पट्ट्यांचा संच फुकट मिळतो, पेनड्राइव्हवर घ्या. काळ्याच्या पट्टीत १७ नंबरपासून पुढच्या उभ्या रेघा अंधुक लुकलुकायला हव्यात, १६ आणि खालच्या दिसायला नकोत. तेवढा ब्राइटनेस. पांढऱ्याच्या पट्टीत २३४ पर्यंतच्या दिसल्या पाहिजेत. तेवढा कॉन्ट्रास्ट. ब्राइटनेस हलला की कॉन्ट्रास्ट परत बघायचा, दोघं एकमेकांना ओढतात.

---

गुंडाळी | सोमवार, दुपारी २:१०

मध्येच घुसतोय. माझा डीएलपी आहे, म्हणजे दुसऱ्या जातीचा प्रोजेक्टर, त्यात पांढरं डोळे दिपवतं पण पिवळी जर्सी मोहरीच्या फेसासारखी दिसते, लाल विटकरी. टिंट फिरवू का?

---

एडिसनकर | दुपारी २:५०

टिंट नको. डीएलपीच्या आत रंगीत काचेची फिरती चकती असते, बऱ्याच स्वस्त मॉडेलमध्ये त्या चकतीत लाल-हिरव्या-निळ्यासोबत एक पारदर्शक फाक असते, ती पांढऱ्याला जास्तीचा उजेड देते पण रंगांना देत नाही. म्हणून पांढरा भडक आणि त्याच्याशेजारी पिवळा मळका. मेनूत ब्रिलियंट कलर किंवा तशा नावाचं काही असेल ते १० वरून १-२ वर आणा. पांढरा उतरेल, पिवळा वर येईल. थ्रीएलसीडीत ही भानगड नसते कारण तिथे तिन्ही रंग एकदमच पडतात.

टिंटबद्दल सांगायचं तर अमेरिकेतल्या जुन्या एनटीएससी टीव्हीवर ते बटण लागायचंच, रंग वाटेत सरकायचे. तिथले इंजिनियर त्या अक्षरांचा फुलफॉर्म नेव्हर द सेम कलर असा करायचे. भारतात १९८२ साली रंगीत टीव्ही आला तो पाल पद्धतीचा, त्यात ही चूक आपोआप भरून निघते, म्हणून आपल्या लहानपणच्या टीव्हीला कलरचं बटण होतं, टिंटचं नव्हतं. आजच्या एचडीएमआयवर तर ते मध्यावरून हलवायचं काही कारणच नाही.

---

तंबूवाला | दुपारी ३:३०

कलर किती ठेवायचा ते सांगा की मग. का तेपण मध्यावर.

---

निऑन | संध्याकाळी ७:००

बहुतेकदा मध्यावरच. नीट करायचं तर रंगपट्ट्या लावायच्या आणि निळ्या काचेतून बघायचं. निळ्यातून बघितलं की करड्या आणि निळ्या पट्टीची उजळी सारखी दिसली पाहिजे, वेगळी दिसली तर कलर कमी-जास्त करायचा. नाटकवाल्यांकडचा निळा जिलेटिन कागद मिळतो, पण एका थरातून लाल-हिरवा थोडा झिरपतो, दोन-तीन थर करावे लागतात आणि तरी अंदाजच. काही मॉडेलमध्ये फक्त निळा दाखवायची सोय मेनूतच असते, ती असली तर सोन्याहून पिवळं.

(पिवळं नको, माफ करा.)

तेही नको असेल तर ओळखीच्या माणसाचा फोटो लावा, ज्याचा चेहरा रोज बघता त्याचा. सिनेमातले चेहरे लावू नका, तिकडे रंगरंगोटी करणारे आधीच हात मारून बसलेले असतात.

---

इंटरव्हल_समोसा | संध्याकाळी ७:४५

म्हणजे सासूबाईंचा फोटो १०० इंचात. नको, मी टीव्हीच घेतो.

आणि ते ऑनलाइन ९००० लुमेन वगैरे पाच-सहा हजारात मिळतात ते कसे आहेत?

---

एडिसनकर | संध्याकाळी ८:१२

नुसतं लुमेन लिहिलेलं असेल तर वाचू नका, एएनएसआय किंवा आयएसओ लुमेन (ठरलेल्या पद्धतीने मोजलेले) शोधा. ते कुठेच सापडलं नाही तर समजून जा. आणि त्यावर एचडीआरचा (जास्त उजळ-गडद टप्प्याच्या चित्राचा) शिक्का असला तरी भुलू नका. एचडीआरचा सिनेमा १००० निट्स, कधी ४००० धरून रंगवलेला असतो, घरगुती भिंतीवर शंभरच्या आसपास मिळाले तरी नशीब, मग एवढं सगळं दाबून बसवताना चित्र काळवंडतं. बऱ्याच जणांची अंधाऱ्या चित्राची तक्रार तिथली असते. स्टिकच्या सेटिंगमध्ये एचडीआर बंद करून साध्यात बघा, बहुतेकदा तेच बरं दिसतं.

---

झेडपीच्या_बाई | मंगळवार, दुपारी १२:४०

निऑन सर, रिफिलने पिन सरळ झाली! पान हिरवं झालं. एका पोराने विचारलं बाई आता खत घातलं का.

एकच, उजव्या कोपऱ्यात एक पिवळट ढग दिसतो, तो काही जात नाही.

---

निऑन | दुपारी १:१५

तो जाणार नाही बाई. आतली निळ्याच्या वाटेवरची पट्टी उष्णतेने भाजते, मग तेवढ्या भागात निळा अडत-अडत येतो. सेटिंगने बरा होत नाही, कारागिराचं काम आहे. जाळी काढून धूळ तेवढी झटका म्हणजे पसरायचा वेग कमी होईल. सेकंडहँड घेणाऱ्यांनी म्हणूनच आधी पूर्ण पांढरा फोटो लावून चारी कोपरे बघावेत. दिवाणखाना, तुम्ही बघितले होते का?

---

दिवाणखाना_७०एमएम | शनिवार, रात्री १२:५५

नव्हते बघितले, तुमचं वाचून घाईघाईने बघितले, स्वच्छ आहेत, नशीब.

अपडेट देतो. रेंज एक्स्पांडेड केली आणि खरं सांगतो, मोठ्याने ओरडलो. कोट वेगळा, दार वेगळं, दाराला कडी होती ते कळलं. मग पट्ट्या लावून ब्राइटनेस बसवला, रिसेटच्या आकड्यापेक्षा दोनच पायऱ्या खाली आला, म्हणजे आधी मी वीस पायऱ्या वर नेऊन ठेवला होता तो निव्वळ मूर्खपणा. गुरुवारी सुट्टी टाकून चौकोन रंगवला, मॅट पांढरा, दोन हात. त्यानंतर लाल-हिरवा उतरवला होता तो परत जवळजवळ जागेवर आणला. गॅमा २.४ ठेवून बघितला, रात्री छान वाटतो पण बाहेरच्या खोलीचा दिवा चालू असला की जड होतो, म्हणून २.२.

आप्पांना मात्र हे काही पटलेलं नाही. त्यांचं म्हणणं मॅच भडकच पाहिजे, गवत गवतासारखं हिरवंगार दिसलं पाहिजे, आणि मॅच दुपारी असते तेव्हा हॉलमध्ये उजेड असतो हे त्यांचं बरोबर आहे. वाद नको म्हणून मेमरी १ ला सिनेमा आणि मेमरी २ ला डायनॅमिक सेव्ह केलं, दोन्ही रिमोटच्या बटणावर. तरी काल रात्री आठच्या सिनेमात पंधरा मिनिटं सगळे हिरवे होते आणि कुणाच्या लक्षात आलं नाही, माझ्यासकट.

आई काय म्हणाली ते राहिलंच. ती म्हणाली, बरं दिसतंय, पण या हिरॉइनच्या कपाळावर चौकोन कसला? ए-फोर कागद काढायला विसरलो होतो. उचकटला तर त्याच्याबरोबर नव्या रंगाचा पोपडा आला, डबल साइड टेप लावली होती. लिटरातला थोडा रंग उरलाय, उद्या हात मारतो.